गुरुजींच्या घराची मागची भिंत

पाणी मागितलं, तर ते रंगाच्या डब्यातून आलं.

मी छज्ज्यावर होतो. गुरुजींच्या नव्या बंगल्याची मागची भिंत, वरचा मजला. खाली अंगण नाही, दरीचा उतार. जव्हारच्या कडेची घरं तशीच आहेत, पुढून रस्ता आणि मागून खोल. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक गच्चीवर टाकीच्या खांबाला. एप्रिल महिना. भिंत तापलेली. सकाळपासून ड्रिल मारून तोंडात सिमेंटची भुकटी गेलेली. मी खिडकीशी वाकून म्हणलं, "काकू, पाणी द्या."

खिडकी माझ्यापासून हातभर. आत गुरुजींचे एक भाचे, एसीच्या एजन्सीचे साहेब, खुर्चीवर बसून पन्हं पीत होते, स्टीलच्या ग्लासात. तसाच एक ग्लास गजांतून सहज बाहेर आला असता. काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, उठून गेल्या. मी वाट बघत राहिलो. थोड्या वेळानं डोक्यावर काहीतरी खडखडलं. वर बघितलं, तर गच्चीवरून सुतळीला बांधलेला डबा खाली येत होता. पत्र्याचा, रंगाचा. काठाला पांढरा रंग वाळलेला, त्याचे पापुद्रे सुटलेले. दोन पापुद्रे पाण्यावर तरंगत होते.

वरून काकू म्हणाल्या, "डबा तिथंच ठेव. परत लागलं तर त्यातच देते."

मी प्यालो. खोटं कशाला सांगू. तहान होती. पापुद्रे ओठांनी बाजूला केले आणि प्यालो.

मग आतलं बोलणं कानावर आलं. वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "माणूस भारी चढतो हो तुमचा." गुरुजी हसले. म्हणाले, "त्यांच्या रक्तातच असतं ते. मशिनीत डोकं नाही चालायचं, पण चढायला सांगा. लहानपणापासून हाच चढतोय माझ्याकडं."

मी आठ वर्षं ठाण्यात एसीचंच काम केलं होतं. माझी कामाची पिशवी त्याच घराच्या ओट्यावर, चपलांच्या शेजारी पडली होती. तीत गॅसचं गेज होतं, तांब्याच्या पाइपाचं तोंड फुलवायचं हत्यार होतं, तीन मापांचे पाने होते. गुरुजींना ते माहीत होतं. पिशवी तिथं ठेवायला त्यांनीच सांगितलं होतं.

गुरुजी म्हणजे आमच्या आश्रमशाळेतले गुरुजी. मूळचे नाशिककडचे, शेतकरी घरातले. नोकरीनं इकडं आले आणि जव्हारला घर करून राहिले. मी सूर्यमाळच्या अंगाच्या एका पाड्यावरचा. आमच्या घरात पाटी पहिल्यांदा माझ्या हातात आली. पाचवीपासून शाळेच्या वसतिगृहात राहिलो. दिवाळीला आणि मे महिन्यात तेवढा घरी. गणित मला गुरुजींनी शिकवलं. दहावीनंतर आयटीआयचा फॉर्म त्यांनीच भरून दिला. फ्रिज-एसीचा ट्रेड त्यांनीच निवडला. 'डोकं आहे तुला' असं मला सांगणारा जगातला पहिला माणूस तो. हे मी नाकारत नाही. नाकारता आलं असतं, तर एवढं लागलं नसतं.

ठाण्यात कुणी विचारलं की मी सांगायचो, मला गुरुजींनी घडवलं. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत मी त्यांचं नाव छापलं. बाच्या नावाखाली. बा तेव्हा जिवंत नव्हता.

आणि बंगला झाला त्या वर्षी त्यांचा फोन आला. माझ्याकडं मोबाइल नुकताच आला होता. गुरुजी म्हणाले, "अरे, घर बांधलंय. वास्तुशांत आहे. जावई पुण्याचे, त्यांच्यासाठी वरच्या खोलीत एसी बसवतोय. तूच ये. परक्या माणसाचा हात नको." मग म्हणाले, "माझ्या भाच्यानं नाशिकला एसीची एजन्सी घेतलीय. जव्हार-मोखाड्याचं सर्व्हिसचं काम तुला द्यायला सांगतो त्याला. एकदा तुझं काम डोळ्यांनी बघू दे."

मला याच्यापुढं काही नको होतं. ठाण्यातली चाळ सोडून परत यायचं, जव्हारला एसटी स्टँडजवळ एक गाळा घ्यायचा, दारावर मेकॅनिक म्हणून पाटी लावायची, एवढंच मी कितीतरी वर्षं मनात धरलं होतं. जव्हारात घरोघरी फ्रिज आले होते. साहेबलोकांच्या क्वार्टरात कूलर जाऊन एसी येत होते. बिघडले की माणूस नाशिकहून यायचा, दोन-दोन दिवसांनी. आमच्या भागातला एकही माणूस त्या कामात नव्हता. मी पहिला असणार होतो. त्यासाठी गुरुजींचा एक शब्द पुरेसा होता. जव्हारात त्यांच्या शब्दाला वजन होतं.

मी चार दिवसांची रजा टाकली. ठाण्याच्या मालकाकडून पाइपातली हवा ओढायचा पंप मागून घेतला. त्याला धक्का लागू नये म्हणून एसटीत मांडीवर घेऊन बसलो. घाट चढताना पोटाशी धरला. बायकोनं विचारलं होतं, कशाला एवढं ओझं नेता, त्यांच्याकडं असेल की. मी म्हणलं, गुरुजींच्या घरचं काम आहे, कसर नको.

दारात ते नाशिकचे भाचे उभे होते. माझ्याहून लहान. शर्टाच्या खिशावर कंपनीचं नाव. मी गुरुजींच्या पाया पडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि भाच्यांना म्हणाले, "हा आपला चढणारा. मी सांगितलं होतं ना."

भाचे म्हणाले, "बरं झालं. आमची नाशिकची दोन पोरं मागची बाजू बघूनच परत गेली. म्हणाली, तिथं नाही लटकणार."

म्हणजे मला बोलावलं होतं ते यासाठी. नाशिकच्या पोरांचा जीव मोलाचा होता. मी दारातच उभा होतो, पंप हातात.

मी म्हणलं, "गुरुजी, आतलं फिटिंग पण मीच करतो. माझं रोजचं काम आहे."

"ते साहेब बघतील," गुरुजी म्हणाले. "तू बाहेरचं बघ. पिशवी ओट्यावर ठेव."

साहेब म्हणजे भाचे. मी मान हलवली. घरात शुभकार्य आहे, आपण वाद कशाला घालायचा, अशी मनाची समजूत घातली. मला मनाची समजूत घालायची फार जुनी सवय होती. ती सवयही मला त्याच घरात लागली होती.

त्या बंगल्याच्या आधी तिथं गुरुजींचं कौलारू घर होतं. माझी नववीची परीक्षा संपली तेव्हा गुरुजी म्हणाले, "घरी जाऊ नको. दहावीची तयारी माझ्याकडं राहून कर." बाला निरोप गेला. बा खूश झाला. मी जव्हारला आलो. पुस्तकं पिशवीतून बाहेरच निघाली नाहीत. सकाळी पाणी भरायचं, दुपारी लाकडं फोडायची, आणि मे सरत आला तसं पावसाच्या आधी कौलं चाळायचं काम निघालं. गुरुजी खाली उभे राहून बोट दाखवायचे, मी वर. "माझा मारुतीराया," म्हणायचे. मला ते आवडायचं. इतकं आवडायचं की मी गरज नसताना या आढ्यावरून त्या आढ्यावर पळून दाखवायचो.

मागच्या बाजूचा एक वासा कुजला होता. गुरुजींना ते ठाऊक होतं. नंतर काकूंशी तसं बोलताना मी ऐकलं. मला कुणी सांगितलं नाही. वासा मोडला आणि मी मागच्या परड्यात पडलो, उजव्या हातावर. ते परडं पुढं बंगल्याखाली गेलं. मनगटातलं हाड वाजलेलं मला ऐकू आलं.

सरकारी दवाखाना चालत जाण्याइतका जवळ होता. गुरुजींनी नेलं नाही. शाळेतला मुलगा सुट्टीत तुमच्या छपरावर काय करत होता, असं डॉक्टर विचारतील. त्यांनी टॉवेलनं हात गळ्यात बांधला, मला एसटीत बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. वाटेत मला शिकवलं, जसं गणित शिकवायचे तसं, दोन-दोनदा म्हणून घेतलं. "घरी सांगायचं, आंब्यावरून पडलो. तुमच्या पाड्याच्या वाटेवर त्या म्हाताऱ्याचा आंबा आहे ना, त्याच्यावरून. मी तुला घरी सोडायला येत होतो, तू चोरून चढलास. छपराचं बोललास तर माझी नोकरी जाईल. मग तुला कोण शिकवणार?"

त्या म्हाताऱ्याचं नाव जानू आजा. आदल्या वर्षी गुरुजी पाड्यावर आले तेव्हा त्याच आंब्याचे पाटीभर आंबे घेऊन गेले होते. म्हणून त्यांना ते झाड आठवलं.

आमच्या पाड्यावर घरांना कुलूप नसतं. आंब्याखाली पडलेला आंबा कुणीही उचलावा. पण दुसऱ्याच्या झाडावर चढून तोडला, तर ती चोरी. चोरी झाली की घरच्या मोठ्यानं कोंबडी घेऊन मालकाच्या अंगणात जायचं, चार माणसांत वाकून चूक कबूल करायची. मालकानं कोंबडी घेतली की विषय संपला. पुन्हा त्याचं कुणी नाव काढायचं नाही, कधीच नाही.

आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. हात सुजून मधाच्या पोळ्याएवढा झालेला, मला वाटही धड दिसत नव्हती. गुरुजींनी बाला सगळं सांगितलं. मी खाली मान घालून म्हणलं, "हा. आंब्यावरून पडलो." बानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा गुरुजींकडं. मारलं नाही. ओरडलासुद्धा नाही.

सकाळी हाड बसवणाऱ्यानं हाताला बांबूच्या कामट्या बांधल्या. मग बानं अंड्यावर आलेली कोंबडी धरली. घरात तेवढी एकच होती. जानू आजाच्या अंगणात चार माणसं बसलेली. मी मागं उभा. बा कमरेत वाकला, इतका की मला त्याच्या मानेचं हाड दिसलं. म्हणाला, "माझ्या पोरानं तुझा आंबा चोरला. माफी दे." जानू आजानं कोंबडी घेतली. झालं. त्यानंतर पाड्यावर कुणी एक शब्द काढला नाही.

मला वाटायचं, बा माझ्याशी कमी बोलतो तो त्यामुळंच. चोर पोराचा बाप म्हणून. मी आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला असताना तो तापानं गेला. शेवटच्या दिवसांत दोनदा माझ्या अगदी तोंडावर आलं, बा, मी चोरी केली नव्हती. पण गुरुजींना शब्द दिला होता. मी बाला तसंच जाऊ दिलं आणि गुरुजींचा शब्द पाळला.

मनगट वाकडंच बसलं. आजही जोर लावायचा असला की पाना मी डाव्या हातात घेतो.

त्याच मनगटानं मी त्या दिवशी त्याच जागेवर, फक्त एक मजला वर, एसीच्या स्टँडसाठी भोकं पाडत होतो. पाण्याचा डबा बाजूला ठेवला. बोल्ट आवळले. बारा वाजता लोडशेडिंगची लाइट जायची, त्याच्या आत एसी चालू करून पाहुण्यांना दाखवायचा होता. गच्चीवरून चौघांनी बाहेरचं युनिट दोन दोरांनी खाली सोडलं. मी छातीवर घेतलं, फिरवलं, स्टँडवर बसवलं. वजन चाळीस किलोच्या आसपास. हात सुटला असता तर ते आणि मी दोघं दरीत. कुणी खिडकीतून बघत होतं, म्हणालं, "वा, वा."

याच्या पुढचं काम नाजूक. गॅस कंपनीतून बाहेरच्या युनिटमध्येच भरून येतो. दोन व्हॉल्व्ह त्याला आत कोंडून ठेवतात. आतलं आणि बाहेरचं युनिट तांब्याच्या पाइपांनी जोडायचं, दोन्हीकडचे नट आवळायचे, पाइपातली हवा पंपानं ओढून काढायची, आणि मगच व्हॉल्व्ह खोलायचे. एखादा नट सैल राहिला तर गॅस हवेत जातो. बाहेरचे नट मी आवळले होते. आतले भाच्यांच्या हातात होते.

आतून आवाज आला, "झालं. व्हॉल्व्ह खोल."

मी म्हणलं, "साहेब, आतले नट एकदा बघून घ्या. माझा पंप खाली आहे. अर्धा तास हवा ओढू, मग खोलतो."

"लाइट जाईल. तेवढा वेळ नाही."

"नट तरी बघा."

तेवढ्यात गुरुजी खिडकीत आले. शाळेतला आवाज काढून म्हणाले, "तू त्यांना विचारणार? सांगितलं तेवढं कर."

मी खोलले. माझी चूक तेवढीच. मला कळत होतं, तरी मी ऐकलं. त्या आवाजाचं ऐकायची माझ्या अंगाला सवय होती.

आत एसी सुरू झाला. पाहुणे गोळा झाले. माझा हात पाइपावर होता. पाइप गार पडायला हवा, तो पडेना. गेज असतं तर काटा उतरताना दिसला असता, पण गेज चपलांशेजारी होतं. मी ओरडलो, "आतल्या नटाला कान लावा. गॅस जातोय." भाचे जावयांना रिमोटची बटणं समजावत होते. मी दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले, तोवर बराचसा गॅस गेला होता. खोलीत नुसती कोमट हवा फिरत होती.

भाचे खिडकीशी आले, माझ्याकडं बघितलं आणि मागं वळून म्हणाले, "मामा, यानं व्हॉल्व्ह आधीच खोलले. मी सांगायच्या आधी."

गुरुजी त्यांच्या शेजारीच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. 'सांगितलं तेवढं कर' हे त्यांचंच वाक्य होतं. मी त्यांच्याकडं बघितलं. मला खात्री होती, ते आता सांगतील. गुरुजी पाहुण्यांकडं वळले आणि म्हणाले, "चूक माझीच. या लोकांच्या हातात मशिनीचं काम द्यायला नको होतं."

मी दोर धरून गच्चीवर चढलो, कमरेची गाठ सोडली, जिना उतरून त्या खोलीत गेलो. पाय सिमेंटनं भरलेले. काकू म्हणाल्या, "अरे, फरशी." मी थांबलो नाही. आतलं युनिट भिंतीपासून जरा पुढं ओढलं. नटाखाली तेलाचा ओघळ आला होता, गॅसबरोबर तेल येतं. मी सगळ्यांसमोर नटाला दोन बोटं लावली. नट फिरला. पाना लागलाच नाही.

पुण्याच्या जावयांनी भाच्यांकडं बघितलं. गुरुजींनीही तो फिरणारा नट बघितला. मग म्हणाले, "चला, चला, पानं वाढलीत." पाहुणे खाली गेले. गुरुजींनी मला खांद्याला धरून गॅलरीत नेलं. हातात कंपनीचा फॉर्म होता, भाच्यांनी भरलेला.

"हे बघ," ते हळू आवाजात म्हणाले, "त्याची एजन्सी नवी आहे. पहिल्याच कामांत असं दिसलं तर कंपनी काढून घेईल. गॅस का गेला, ते लिहून द्यावं लागतं. 'घरच्या गड्यानं व्हॉल्व्ह खोलला' एवढंच लिहिलंय. तू खाली सही कर. तुझं काय जातंय?"

"माझं नाव जातंय, गुरुजी. हाच कागद कंपनीत जाणार. मंग जव्हारात मला मेकॅनिक म्हणून कोण काम देईल?"

"काम मी देतो ना. चढायच्या कामाला काय कमी आहे?" मग त्यांनी माझ्या वाकड्या मनगटावर हात ठेवला. अगदी मायेनं. म्हणाले, "मागं नाही का माझं ऐकलंस. मी विसरलो का तुला?"

मला इतकी वर्षं वाटत होतं, ते विसरले असतील. किंवा त्यांच्या मनाला ते खात असेल, म्हणून कधी बोलत नसतील. तसं काही नव्हतं. त्यांच्या लक्षात होतं आणि ते त्यांना कामाचं वाटत होतं. आयटीआयचा फॉर्म, 'डोकं आहे तुला', पाठीवरचा हात, यातलं माझ्या डोक्यासाठी किती होतं आणि माझं तोंड बंद राहावं म्हणून किती होतं, ते मला आता वेगळं करता येईना. आजही येत नाही. या माणसानं माझं शिकणंसुद्धा निखळ माझं ठेवलं नाही. मला त्याचा राग नंतर आला. त्या क्षणी मला फक्त बाची वाकलेली मान दिसत होती.

मी म्हणलं, "पेन द्या."

गुरुजींना हायसं वाटलं. खिशातलं पेन काढून दिलं. मी भाच्यांची ओळ खोडली. खाली लिहिलं, 'आतला नट सैल होता. वेळ नाही म्हणून हवा काढू दिली नाही. व्हॉल्व्ह सांगितल्यावर खोलले.' सही केली. सहीखाली लिहिलं, मेकॅनिक. वाकड्या हातानं अक्षर वाकडंच येतं, पण वाचता येत होतं.

कागद घेऊन मी खाली पंगतीत गेलो आणि उभ्यानं मोठ्यानं वाचला. मग म्हणलं, "आणखी एक. मी नववीत व्हतो तवा याच घराच्या छपरावरून पडलो. गुरुजींनी मला कौलं चाळायला ठेवलं व्हतं. घरी सांगायला लावलं का पोरगा आंबा चोरताना पडला. माझा बा त्या चोरीची माफी मागून मेला."

कुणाच्या हातातला घास थांबला, कुणाचा नाही. एक पाहुणा दुसऱ्याला म्हणाला, आता हे काय नवीन. गुरुजींनी कागद ओढून घेतला आणि फाडला. त्यांचा चेहरा मी शाळेतही तसा कधी बघितला नव्हता. म्हणाले, "तुला माणसात आणलं ते मी."

मी म्हणलं, "माणसातच व्हतो, गुरुजी. बा व्हता, आय व्हती. तुमी छपरावर चढवलं."

ओट्यावरून पिशवी उचलली, पंप उचलला. त्या घराचं पान मी खाल्लं नाही.

एसटीनं निघालो, उतरून चालत पाड्यावर गेलो. जानू आजा अंगणात बसून दोर वळत होता. आय त्याच्या घरवालीशी बोलत तिथंच बसलेली. तो आंबा वाटेवरच आहे, त्या वर्षी कैऱ्यांनी लगडला होता. मी बसलोसुद्धा नाही. उभ्यानंच म्हणलं, "आजा, तुझा आंबा मी चोरला नव्हता. मास्तरच्या घरावरून पडलो व्हतो."

आजानं दोर वळायचं थांबवलं नाही. "ठावं हाय," म्हणाला.

"कसं?"

"त्या साली याला एक कैरी नव्हती. बहरच नाय आला. काय चोरलास, पाला?"

मला काही समजेना. आजा म्हणाला, "अख्ख्या पाड्याला ठावं व्हतं. मास्तर आंब्याखालून आला अन् गेला, पण वर बघलं नाय त्यानं."

"अन् बाला?"

"तुझा बा सकाळीच आला माझ्याकडं. म्हणला, मास्तर खोटा पडला तं पोराचं शाळंतून नाव कापील. तू कोंबडी घे अन् चोरी खरी धर. मी म्हणलो, कोंबडी ने परत, वाकू नको माझ्यापुढं. तं म्हणला, चार माणसांत वाकायाच लागंल. उद्या मास्तर कोणाला इचारील."

मी आयकडं बघितलं. ती खाली बघत होती. तिलाही माहीत होतं. कोंबडी दिली-घेतली की बोलायचं नाही, म्हणून ती बोलली नव्हती. कुणीच बोललं नव्हतं.

मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. वाटलं नाही. बाला माझी लाज नव्हती वाटली. मी खोटं बोलतोय आणि कुणासाठी बोलतोय, हे त्याला पहिल्याच नजरेत कळलं होतं. तो माझ्या शाळेसाठी सगळ्यांसमोर चोराचा बाप झाला. आणि मी त्या मास्तरचं नाव त्याच्या नावाखाली छापलं.

गाळा मी घेतला. त्याच वर्षी, स्टँडजवळ. एजन्सीचं काम मिळालं नाही, मिळणारही नव्हतं. गुरुजींनी जव्हारात सांगितलं, तो उर्मट आहे, त्याला घरात घेऊ नका. पहिलं वर्ष फार वाईट गेलं. मी हललो नाही. अजूनही भिंतीवर मीच चढतो, चढण्याची मला लाज नाही. पण आधी पुढच्या दारानं आत जातो. आतलं युनिट मी बसवतो, बाहेरचंही मीच. पंप अर्धा तास चालतो. वेळ नाही असं कुणी म्हणालं, तर पिशवी उचलतो.

आणि दर मे महिन्यात मी त्या शाळेत जातो. वसतिगृहातली कोणती मुलं घरी पोचली नाहीत, ती कुणाच्या घरी आहेत, ते विचारतो. आता गुरुजी दुसरे आहेत. ते चिडतात. म्हणतात, तुम्ही कोण विचारणारे. मी उजवं मनगट त्यांच्या टेबलावर ठेवतो, आणि मुलांची नावं सांगेपर्यंत उठत नाही.